ओझ्याची जागा शोधणारा डॉक्टर

गडावर मुक्कामी निघालेली मंडळी पायथ्याशी सॅकचे पट्टे ओढताना आपण पाहतो. नवखा ट्रेकर आधी खांद्याचे पट्टे करकचून आवळतो. मुरलेला ट्रेकर आधी कमरपट्टा लावतो, सॅक हलवून तिचे वजन कमरेच्या हाडांवर नीट बसले का ते बघतो आणि मग खांद्याचे पट्टे बेताने ओढतो. सामान सारखेच, वजनही तेवढेच. पण संध्याकाळी पहिल्याचे खांदे भरून आलेले असतात, बोटांना मुंग्या आलेल्या असतात आणि दुसरा आरामात चहाचे आधण ठेवत असतो.

ओझे किती आहे याइतकेच ते शरीराच्या कोणत्या भागावर आहे, हे महत्त्वाचे असते. आज ही गोष्ट सॅक विकणारा दुकानदारही सांगतो. पण हा प्रश्न शिंप्याचा किंवा चांभाराचा नसून वैद्यकशास्त्राचा आहे, असे दीडशे वर्षांपूर्वी ठामपणे मांडणाऱ्यांमध्ये एक इंग्रज डॉक्टर होता. त्याचे नाव एडमंड अलेक्झांडर पार्क्स. लंडनमधील स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या प्रसिद्ध संस्थेची इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या दर्शनी भागावर सार्वजनिक आरोग्याच्या २३ महारथींची नावे कोरली गेली. पाश्चर, कॉख, लिस्टर, रॉस यांच्या पंक्तीत तिथे पार्क्स यांचेही नाव आहे. बाकीची नावे आपल्या कानांवरून कधी ना कधी गेलेली असतात. पार्क्स यांचे काम मात्र आपण रोज वापरतो आणि नाव विसरलो आहोत.

पार्क्स यांचा जन्म २९ मार्च १८१९ रोजी ऑक्सफर्डशायरमधील ब्लॉक्सम या गावी झाला. शिक्षण लंडनला झाले. अँथनी टॉड थॉमसन हे त्यांचे मामा नावाजलेले वैद्य होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत तरुण पार्क्स यांनी बरेच काम केले. रोग्याला तपासायचे, पण तेवढ्यावर न थांबता मोजायचे, तोलायचे आणि नोंदवायचे, ही सवय तिथेच लागली असावी. १८४१ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लष्करात सहायक सर्जन म्हणून दाखल झाले. त्यांची ८४ वी पलटण हिंदुस्थानात निघाली होती.

मद्रास आणि ब्रह्मदेशातील मोलमीन येथे पार्क्स यांनी तीन वर्षांपेक्षा थोडा कमी काळ काढला. वय अवघे तेवीस-चोवीस. या काळात त्यांनी लढाईत जखमी झालेल्यांपेक्षा आजाराने अंथरुणाला खिळलेले शिपाई अधिक पाहिले. रक्ती आव, यकृताला सूज, यकृतात गळू आणि पटकी. धडधाकट जवान बघता बघता काही तासांत निळे पडत. त्या काळी जंतू माहीत नव्हते, सलाइन रूढ झालेले नव्हते, प्रतिजैविके नव्हती. डॉक्टरच्या हाती होते ते मरणोत्तर तपासणीचे टेबल आणि नोंदवही. पार्क्स यांनी दोन्ही नेटाने वापरले. १८४५ मध्ये ते नोकरी सोडून लंडनला परतले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातील आव आणि यकृताच्या आजारावरचा, तर १८४७ मध्ये पटकीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये १८४८ साली पटकी आली तेव्हा पहिल्या रुग्णांचा मागोवा घेण्याचे काम सरकारी आरोग्य मंडळाने त्यांच्याकडे दिले, ते याच अनुभवामुळे.

१८४९ मध्ये, तिशीतच, ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्लिनिकल मेडिसिनचे प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी मेरी जेन चॅटॉक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खाजगी व्यवसाय जमत होता, विद्यार्थी खूश होते, एका वैद्यकीय नियतकालिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यांनी याच वाटेने पुढे जायचे ठरवले असते, तर लंडनचा एक यशस्वी फिजिशियन एवढीच त्यांची ओळख राहिली असती. पण १८५४ साली ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले.

या युद्धाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग घडला. तो पाठीवरच्या ओझ्याच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा आहे. १४ सप्टेंबर १८५४ रोजी ब्रिटिश फौज क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरू लागली. त्याआधीच्या छावणीत पटकी आणि अतिसाराने शिपाई इतके खंगले होते, की पाठीवर पूर्ण नॅपसॅक घेऊन त्यांना चालवणार नाही, हे अधिकाऱ्यांना दिसत होते. म्हणून नॅपसॅक जहाजांवरच ठेवायचा हुकूम झाला. थोड्या गरजेच्या वस्तू घोंगडीत गुंडाळून शिपाई उतरले. पुढे जहाजे पांगली, सामान इकडचे तिकडे झाले आणि अनेकांना आपली नॅपसॅक कित्येक आठवडे मिळाली नाही, काहींना कधीच मिळाली नाही. बदलायला कपडे नाहीत, अशा अवस्थेत त्यांना क्रिमियाचा हिवाळा गाठला. ज्या ओझ्यावर जीव अवलंबून, तेच उचलवत नाही, अशी ही कोंडी होती.

कशी होती ही नॅपसॅक? रंग दिलेल्या कॅनव्हासची एक चौकोनी पेटीच म्हणा ना. आकार टिकावा म्हणून आत लाकडी फळ्या. ती पाठीवर उंच, दोन खांद्यांच्या मध्ये बसे. संचलनात रांग सरळ आणि रुबाबदार दिसावी, हा तिच्या आकारामागचा मोठा विचार. पट्टे खांद्यांवरून येऊन काखेखालून मागे जात. शिवाय काडतुसांच्या पेटीचा पट्टा छातीवरून तिरका, कमरेला घट्ट पट्टा आणि गळ्याशी ताठ कॉलर. बंदूक, दारूगोळा, ओव्हरकोट, शिधा असे सगळे मिळून पूर्ण साजातील शिपायाच्या अंगावर पन्नास-साठ पौंड, म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास वजन होई.

युद्धाच्या आघाडीपासून जखमींना बॉस्फरसकाठच्या स्कुटारी येथील रुग्णालयांत आणले जाई. तिथली दुर्दशा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यामुळे जगाला कळली. तो भार हलका करण्यासाठी सरकारने १८५५ मध्ये एक वेगळे नागरी रुग्णालय उभारायचे ठरवले आणि जागा शोधण्यापासून ते चालवण्यापर्यंतची जबाबदारी पार्क्स यांच्यावर टाकली. त्यांनी डार्डनेल्स सामुद्रधुनीच्या आशियाई किनाऱ्यावर रेंकिऑय हे ठिकाण निवडले. पिण्याचे पाणी, वाहता वारा, सांडपाण्याचा निचरा आणि जहाज लागण्याची सोय हे सारे त्यांनी आधी पाहिले. इमारती इसंबार्ड किंगडम ब्रुनेल या विख्यात अभियंत्याने आखल्या होत्या. लाकडी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने पाठवायचे आणि तिथे जोडायचे. एका इमारतीत सुमारे पन्नास खाटा, ताजी हवा आत ढकलणारा पंखा, नळाचे पाणी, संडास आणि गटारे. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे १,३०० रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी ५० दगावले.

स्कुटारीच्या पहिल्या हिवाळ्यातील आकड्यांपुढे हे प्रमाण चकित करणारे आहे. अर्थात डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. रेंकिऑय आघाडीपासून दूर होते, ते सुरू होईपर्यंत घनघोर लढाया संपत आल्या होत्या आणि अत्यवस्थ रुग्ण इतक्या लांब पोहोचत नसत. त्यामुळे सगळे श्रेय इमारतीला देता येणार नाही. पण पार्क्स यांना जे शिकायचे होते ते ते शिकले. आजारी माणसाभोवतीची हवा, पाणी, जागा बदलली, तर औषधाची बाटली न उघडताही जीव वाचतात.

क्रिमियात मेलेल्या सुमारे एकवीस हजार ब्रिटिश सैनिकांपैकी सोळा हजारांच्या आसपास रोगाने मेले. युद्धानंतर सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच्या अहवालातून याहूनही धक्कादायक गोष्ट पुढे आली. युद्ध नसताना, मायदेशातल्या बराकीत राहणाऱ्या शिपायांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट होता. हे सारे भरतीच्या वेळी तपासून, निवडून घेतलेले तरुण. म्हणजे दोष त्यांच्या प्रकृतीत नव्हता. लष्करात आल्यावर त्यांना जे मिळत होते, त्यात होता. दाटीवाटीची बराक, कोंडलेली हवा, निकृष्ट अन्न आणि अंगावरचा पोशाख.

या अहवालातून आर्मी मेडिकल स्कूल जन्माला आले. १८६० मध्ये ते चॅटम येथे सुरू झाले आणि १८६३ मध्ये साउथॅम्प्टनजवळच्या नेटली येथील भव्य लष्करी रुग्णालयात गेले. पार्क्स तिथे हायजीनचे, म्हणजे आरोग्यरक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले. लंडनमधील पद, व्यवसाय आणि उत्पन्न सोडून. त्या काळी हा विषय शिकवणारी अशी अध्यासने जवळपास नव्हतीच. काय शिकवायचे, कसे शिकवायचे हे त्यांनाच ठरवायचे होते. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गापेक्षा प्रयोगशाळेत जास्त बसवले. विहिरीचे पाणी तपासा. बराकीतल्या खोलीची लांबी-रुंदी घ्या आणि दर माणशी किती हवा येते ते काढा. पिठात भेसळ आहे का, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हिंदुस्थानात येणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे उमेदवारही याच शाळेतून तयार होत. पुढे मलेरियाचे कोडे सोडवणारे रोनाल्ड रॉस १८८१ मध्ये तिथेच शिकले. पार्क्स यांनी १८६४ मध्ये लिहिलेला आरोग्यशास्त्राचा ग्रंथ अनेक आवृत्त्यांतून गाजला, त्याची भाषांतरे झाली आणि पुढच्या दोन पिढ्यांचे डॉक्टर त्यावर वाढले.

नेटलीला आल्यावर त्यांच्यासमोर एक विचित्र प्रश्न आला. तरुण शिपाई हृदयाच्या तक्रारींमुळे मोठ्या संख्येने नोकरीतून बाद होत होते. धडधड, छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर. त्यांचे सहकारी विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन हे लष्करी वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८६३ च्या सुमारास जाहीर व्याख्यान देऊन नॅपसॅक आणि पट्ट्यांकडे बोट दाखवले. छाती आवळलेल्या स्थितीत माणसाला तासन्‌तास चालायला लावले, तर हृदयावर ताण येणारच, हे त्यांचे म्हणणे होते.

पार्क्स यांनीही हा विषय उचलून धरला. जनरल एअर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने पायदळाच्या साजाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे ते सदस्य झाले. या समितीत त्यांनी आणलेला विचार आज वाचतानाही ताजा वाटतो. शिपायाने काय काय न्यायचे, हा प्रश्न सेनापतींचा. पण ते शरीरावर कुठे ठेवायचे, हा प्रश्न शरीररचनेचा.

त्यांची तत्त्वे सोप्या भाषेत अशी सांगता येतील. पहिले, वजन शरीराच्या गुरुत्वमध्याच्या जितके जवळ, तितके ते हलके वाटते. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य ओटीपोटात, कमरेच्या पातळीवर असतो. पाठीवर उंच आणि मागे लोंबणारी पेटी माणसाला मागे खेचते. तोल सावरण्यासाठी तो पुढे वाकतो आणि कंबर, मान, पोटऱ्या यांचे स्नायू दिवसभर नुसते तोल सांभाळण्यात खर्ची पडतात. डोक्यावर हंडा घेऊन ताठ चालणाऱ्या बाईला हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरे, सगळे वजन एकाच जागी नको. पाठीमागे सामान असेल, तर पुढे काडतुसे ठेवून त्याला तोल द्यावा.

तिसरे, वजन पेलायचे काम मजबूत हाडांना द्यावे. खांद्याचा माथा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कमरेचा हाडांचा घेर. आपल्या धडाचे सगळे वजन नाही तरी कण्यातून याच घेरावर उतरते आणि तिथून पायांत जाते. निसर्गानेच ती जागा ओझ्यासाठी बांधलेली आहे.

चौथे, छाती आणि काख मोकळी राहिली पाहिजे. श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर सरकतात. त्यांच्यावरून पट्टा आवळला, तर प्रत्येक श्वासाला तो पट्टा ढकलावा लागतो. काखेतून हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. तिथे दाब पडला की हात सुजतो, बधिर होतो आणि शिपायाच्या बधिर हातात बंदूक काय कामाची?

समितीसमोर एक पर्याय आधीच होता. कर्नल सर टॉमस ट्रूब्रिज यांनी जुन्या नॅपसॅकऐवजी खांद्यावरच्या जोखडवजा पट्ट्यांना अडकवून खाली कमरेवर टेकणारी मऊ पिशवी सुचवली होती. या माणसाची कथा वेगळीच. क्रिमियातील इंकरमनच्या लढाईत त्यांचा एक पाय आणि दुसऱ्या पायाचे पाऊल गेले होते. पुढे ते लष्कराच्या कपड्यांच्या खात्यात अधिकारी झाले आणि ज्याला स्वतःला चालता येत नव्हते, त्या माणसाने चालणाऱ्यांचे ओझे हलके करण्याचा ध्यास घेतला. १८६७ मध्ये ते वारले, आपली कल्पना लष्करात आलेली त्यांना पाहता आली नाही.

वेगवेगळे साज तयार करून पलटणींना प्रत्यक्ष वापरायला दिले गेले, शिपायांचे अनुभव घेतले गेले. अखेर १८७१ मध्ये ब्रिटिश पायदळाला नवा साज मिळाला. त्याला ‘व्हॅलीस’ साज म्हणत. लाकडी फळ्यांची पेटी गेली, त्याजागी मऊ पिशवी आली आणि ती खांद्यांमधून खाली उतरून कमरेच्या रुंद हाडावर टेकली. ओव्हरकोट तिच्या वर. काडतुसांच्या दोन पेट्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना. छातीवरचा तिरका पट्टा गेला. खांद्यांवरचे पट्टे पाठीवर एकमेकांना छेदून जाऊ लागले आणि शिपायाची छाती मोकळी झाली.

हा साज निर्दोष नव्हता. धावताना पिशवी ढुंगणावर आपटे, काडतुसांची जादा पिशवी लोंबकळे. पण एका डॉक्टरने शरीराचा नकाशा समोर ठेवून सैन्याचा पोशाख बदलायला लावला, ही गोष्ट छोटी नव्हती.

आता विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. शिपायांचे हृदयविकार खरेच पट्ट्यांमुळे होत होते का? उत्तर अर्धे हो आणि अर्धे नाही असे आहे. १८७० मध्ये आर्थर मायर्स या लष्करी सर्जनने घट्ट गणवेश आणि कॉलर यांना दोष दिला. पण १८७१ मध्येच अमेरिकेत जेकब दा कोस्टा यांनी तिथल्या यादवी युद्धातील तीनशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तशीच धडधड, तसाच दम. त्यांनी भर दिला तो ताप, जुलाब आणि अति श्रमाच्या सेवेवर. पट्टे बदलल्यावरही ही तक्रार नाहीशी झाली नाही. पहिल्या महायुद्धात ती हजारोंनी दिसली. टॉमस लुइस यांनी १९१८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा यातील बहुसंख्य सैनिकांच्या हृदयात कसलाही बिघाड नसतो, हे स्पष्ट झाले होते. संसर्गानंतरचा अशक्तपणा, थकवा आणि युद्धाची भीती यांचा त्यात मोठा वाटा होता.

म्हणजे निदान पूर्ण बरोबर नव्हते, पण उपाय बरोबर होता. वैद्यकशास्त्रात असे होते. पार्क्स यांच्या तत्त्वांचा आधार केवळ हृदयविकाराच्या आकड्यांवर नव्हता, श्वास, तोल आणि मज्जातंतू यांच्या रचनेवर होता. म्हणून एक पाय निसटला तरी ती उभी राहिली.

मोजण्याची सवय पार्क्स यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्या काळी समज असा होता, की स्नायू काम करताना स्वतःलाच, म्हणजे प्रथिनांना जाळतात. फिक आणि विस्लिसेनस या शास्त्रज्ञांनी प्रथिने न खाता स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढून या समजाला धक्का दिला होता. त्यांच्या प्रयोगात राहिलेल्या शंका तपासण्यासाठी पार्क्स यांनी नेटलीतील दोन शिपायांना नेमून दिलेला आहार देऊन, कधी विश्रांतीत तर कधी चालायला लावून, त्यांच्या लघवी आणि शौचावाटे जाणारा नायट्रोजन दिवसागणिक मोजला. श्रमाच्या प्रमाणात तो वाढत नाही, हे दिसले. चालण्याचे इंधन प्रामुख्याने पिष्टमय पदार्थ आणि चरबी हेच आहे, या आजच्या समजुतीच्या पायात त्यांचाही एक दगड आहे. मद्याचा हृदयाच्या ठोक्यांवर होणारा परिणामही त्यांनी असाच मोजला. सैनिकांना कूच करताना रम, मांसाचा अर्क आणि कॉफी देऊन तुलना केली. रमने घटकाभर तरतरी येते आणि मग पाय जड होतात, मांसाचा अर्क आणि कॉफी अधिक उपयोगी, असा त्यांचा निष्कर्ष होता. रमच्या वाटपाला परंपरा मानणाऱ्या सैन्यात हे लिहिणे सोपे नव्हते.

१८७३ मध्ये दीर्घ आणि वेदनामय आजारानंतर त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यानंतर पार्क्स यांचीही प्रकृती ढासळत गेली आणि १५ मार्च १८७६ रोजी साउथॅम्प्टनजवळच्या बिटर्न येथील घरी, वयाच्या सत्तावन्नाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना, क्षयरोगाने त्यांचा अंत झाला. कोंडलेल्या हवेतून शिपायांची फुप्फुसे सुटावीत म्हणून ज्याने खोल्या मोजल्या, छाती मोकळी व्हावी म्हणून पट्टे हलवले, त्याला क्षयानेच नेले. क्षयाचा जंतू सापडायला अजून सहा वर्षे होती. सोलिहल येथे पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये १८७९ मध्ये आरोग्यशास्त्राचे संग्रहालय उघडले. सामान्य नागरिकाला गटार, हवा, पाणी, कपडे यांबद्दल डोळ्यांनी बघून शिकता यावे, हा त्याचा हेतू होता.

पाठीवरच्या पिशवीची गोष्ट इथे संपत नाही, आणि ती सरळ पुढेही जात नाही. १८८८ मध्ये ब्रिटिश पायदळाचा साज पुन्हा बदलला आणि पिशवी पुन्हा कमरेवरून उचलून खांद्यांमध्ये गेली. पार्क्स यांना जाऊन बारा वर्षेच झाली होती. ज्ञान एकदा मिळाले की टिकतेच असे नाही, ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पण विचार इतरत्र वाढत राहिला. बर्लिनमध्ये नाथन झुंट्झ आणि शुम्बुर्ग यांनी तरुण विद्यार्थ्यांना २२, २७ आणि ३१ किलो वजन देऊन चालवले, त्यांची नाडी आणि श्वास मोजला व १९०१ मध्ये चालण्याच्या शरीरक्रियेवर ग्रंथ लिहिला. नॉर्वेत ओले बर्गन यांनी १९०८-०९ च्या सुमारास पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवलेली चौकट पिशवीला जोडली. अमेरिकेत लॉइड नेल्सन यांनी १९२० च्या दशकात लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून पिशवी पाठीपासून थोडी सुटी ठेवली. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या हलक्या नळ्यांची चौकट विकायला काढली आणि चौकटीचे वजन कमरपट्ट्यावर उतरवले. १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी चौकट पिशवीच्या आत नेली. आज आपण पाठीवर घेतो ती सॅक त्याच घराण्यातली. यांतल्या बहुतेकांनी पार्क्स वाचले नसतील. डोंगराने आणि स्वतःच्या दुखऱ्या खांद्यांनी त्यांना तेच शिकवले.

चौकटीचे काम काय, हे समजून घेतले पाहिजे. नुसती मऊ पिशवी खांद्यांवरून लोंबते. कमरपट्टा लावला तरी वरचे वजन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण कापड दुमडते. चौकट ताठ असल्यामुळे वरचे वजन खाली कमरेपर्यंत पोहोचवते. तरीही सगळे वजन कमरेवर जाते, हा समज खरा नाही. अमेरिकी लष्करी संशोधकांनी २००४ मध्ये मोजले तेव्हा चौकट आणि कमरपट्टा असूनही सुमारे ३० टक्केच भार कमरेने घेतला, उरलेला खांद्यांवरच होता. त्यामुळे पट्टा कितीही महागडा असला, तरी सामान कमी करणे हाच पहिला उपाय राहतो.

पार्क्स यांना ज्या काखेची काळजी होती, तिची तक्रारही आज नावानिशी ओळखली जाते. १९६९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात तिचे वर्णन ‘रकसॅक पॅरालिसिस’ असे झाले. जड पिशवीच्या पट्ट्याने मान आणि काखेतील मज्जातंतूंचे जाळे दाबले जाते. खांदा दुखत नाही, पण हात उचलवत नाही, मूठ सैल पडते किंवा खांद्याच्या मागचे पाते बाहेर आलेले दिसते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतात, काहींत थोडी कमजोरी उरते. अमेरिकी सैनिकांवरील १९८७ च्या अभ्यासात चौकट आणि कमरपट्टा नसलेल्या पिशवीने हा धोका वाढतो, असेच दिसले.

म्हणून ट्रेकला जाणाऱ्यांसाठी नियम साधे आहेत. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा, बाहेरच्या कप्प्यात नकोत. कमरपट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या कडेवर बसवा आणि तो आधी लावा. छातीवरचा छोटा पट्टा दीर्घ श्वास घेता येईल इतकाच ओढा. दर तासाला सॅक उतरवून खांदे मोकळे करा. हातात मुंग्या आल्या तर ओझे बदला, रेटू नका. आणि उतरल्यानंतर हात कमजोर वाटत असेल, तर मालिश करत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मात्र ट्रेकर कमी आणि पोटासाठी ओझे वाहणारे जास्त येतात. हमाल, माथाडी कामगार, बांधकामावरच्या बायका. हात बधिर होतो, मान दुखते, दम लागतो. रांग लांब असते आणि वेदनाशामक गोळी लिहून पुढच्याला बोलावण्याचा मोह होतो. अशा वेळी मला पार्क्स आठवतात. त्यांच्यासमोर शिपाई आला, तेव्हा हा कमजोर आहे, असे म्हणून त्यांनी त्याला बाद केले नाही. त्याच्या अंगावर काय चढवले आहे, ते त्यांनी पाहिले. गोळी लिहिण्याआधी मी आता एक प्रश्न विचारतो, की ओझे कोणत्या खांद्यावर आणि कसे घेता, जरा उभे राहून दाखवा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.